फ्लेमिंगो, फ्लॅट आणि मधल्यामध्ये कोळी

मुंबईत पाणथळ जागेवरून वाद पेटला की तो कोणत्या वळणाने जाणार, हे आता पाठ झालं आहे. एकीकडे गुलाबी फ्लेमिंगोंचे फोटो, हॅशटॅग आणि रविवार सकाळची मानवी साखळी. दुसरीकडे ‘पाखरांना जागा आहे, माणसांना नाही’ असा टोमणा. मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केला तेव्हा हेच झालं. वर्सोवा ते भाईंदर सागरी रस्त्यासाठी कांदळवन तोडायची गोष्ट निघाली तेव्हाही हेच. चार दिवस चर्चा, मग कोर्टात याचिका, मग सामसूम. या सगळ्या गदारोळात खाडीत रोज उतरणारा माणूस दिसलाच तर दोन रूपांत दिसतो. एक म्हणजे प्रकल्पबाधित, ज्याला पैसे द्यायचे. दुसरं म्हणजे अडाणी, ज्याची जनजागृती करायची. जाणकार म्हणून त्याला कुणी खुर्ची देत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. काठावरच्या कोळ्या-आगऱ्यांना पाणथळ जागेची किंमत कळत नाही, हा समज साफ खोटा आहे. त्यांना ती आपल्यापेक्षा चांगली कळते. झाडं आणि पाखरं मोजायच्या आधी ते पाणी बघतात: किती आत येतं, किती वेळ थांबतं, कुठून परत जातं. आणि खाडीला नेमका धोका कशाचा, याचं त्यांचं निदान आपल्या बहुतेक सरकारी आराखड्यांपेक्षा अचूक आहे. ते कानाआड करून जे संवर्धन होईल, ते हिरवं दिसेल पण टिकणार नाही.

ठाण्याची खाडी लांबीला जेमतेम २६ किलोमीटर. तिच्या दोन्ही काठांना, शिवडी-माहुल-ट्रॉम्ब्यापासून भांडुप-ऐरोलीपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसं राहतात. त्यांचं कॅलेंडर तिथीवर चालतं: पुनव-अवसेचं उधाण, अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे मंदावलेली भरती. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात गुडघाभर रुतून खुबे (शिंपले) काढणारी बाई पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे डोळ्यांनी ठरवत नाही, तळव्याला लागणाऱ्या मातीवरून ठरवते. चिंबोरीच्या बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीचे ताजे गोळे असले की चिंबोरी आत आहे. कड सुकून ढासळली असेल तर आकडा घालण्यात अर्थ नाही. बोय, निवट्या, कोळंबी, कालवं, यातलं काय कोणत्या वळणावर मिळायचं आणि कधीपासून मिळेनासं झालं, हे तिला तोंडपाठ असतं. जाळं वर घेतलं की आधी पिशव्या, गुटख्याची पाकिटं, थर्माकोलचे तुकडे निवडून फेकायचे, मग तळाशी मूठ-दोन मूठ जवळा हाताला लागतो. खाडीच्या ढासळत्या तब्येतीवर आपल्याकडे जाडजूड अहवाल निघतात. या बाईची पाटी हाच एक अहवाल आहे आणि तो रोज अद्ययावत होतो.

आता या माणसांना विचारा की खाडीला धोका कशाचा. शहरातला पर्यावरणप्रेमी पहिलं उत्तर देतो, तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, तोडीचा. काठावरचा माणूस तोड तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर टाकतो. त्याच्या यादीत पहिलं सांडपाणी, दुसरा गाळ, आणि मग बुजवलेली नाल्यांची आणि उपखाड्यांची तोंडं, जिथून भरतीचं पाणी आत शिरायचं. काही जण तर त्याहून धक्कादायक बोलतात: तिवर फार वाढली आहे. हे ऐकलं की शहरी श्रोत्याच्या कपाळाला आठी पडते. बघा, यांना झाडांची किंमतच नाही! पण त्या वाक्यात काय दडलंय ते जरा बघू. तिवर उगवते ती गाळ साचून उंच झालेल्या चिखलावर. पुलांचे खांब, काठांवरचे भराव, डेब्रिज, शहरातून वाहून येणारी माती यांनी खाडीचा वेग मंदावतो, गाळ बसतो, उघड्या चिखलाच्या जागी जंगल उभं राहतं. उपग्रहाला ते हिरवं दिसतं आणि सरकारी तक्त्यात क्षेत्र वाढल्याची आनंदवार्ता येते. कोळ्याला तेच दिसतं ते होडीची वाट बुजल्याच्या आणि खुब्यांचा चिखल गेल्याच्या रूपात. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण खाडी म्हणून विचाराल तर कोळी अधिक खरं बोलतो आहे, कारण खाडी हा पाण्याचा प्रकार आहे आणि तो पाण्याबद्दल बोलतो आहे.

फ्लेमिंगोंचंही असंच. २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, आणि ते होणं चांगलंच होतं. पण हे पक्षी गेल्या काही दशकांत एवढ्या संख्येने इथे का येऊ लागले, याचं पक्षीतज्ज्ञच देत आले आहेत ते एक कारण फारसं मिरवण्यासारखं नाही: शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर पोसलेलं शेवाळ. म्हणजे ज्या घाणीने बोय आणि कोळंबी पळवली, तिनेच लहान फ्लेमिंगोला जेवायला वाढलं. मग खाडी निरोगी आहे की नाही, हे एका थव्यावरून ठरवणारे आपण कोण? कॅमेरे घेऊन शिवडीच्या जेट्टीवर उभे राहणाऱ्यांची मला चेष्टा करायची नाही. त्यांच्यामुळे निदान खाडीकडे बघायची सवय लागली. मात्र पक्ष्यावर उभारलेला युक्तिवाद पक्ष्याइतकाच उडून जाणारा असतो. उद्या थवा दुसरीकडे गेला तर ‘आता इथे वाचवायचं काय उरलं’ हा प्रश्न विचारायला माणसं तयारच बसलेली आहेत. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावावरून जे रणकंदन झालं, त्याच्या मुळाशीही पक्ष्यांआधी पाणीच होतं. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि तळं मरू लागलं. खाडीची जागा गिळायची तर कुऱ्हाड लागतच नाही. पाण्याची वाट अडवा, दोन-तीन वर्षं थांबा, झाडं आपोआप वाळतात, आणि मग ही पडीक जमीनच होती असं म्हणता येतं.

यावर पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो मी पुरता मान्य करतो. बाहेरच्या लोकांनी, म्हणजे संस्था, वकील आणि न्यायालय यांनी हात घातला नसता तर आज वाद घालायला कांदळवन उरलंच नसतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामाला आळा घातला, २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचं उल्लंघन ठरवलं. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला. असं स्वतंत्र खातं असणं ही लहान गोष्ट नाही. त्या काळात काठावरचा समाज काय करत होता? सगळा समाज काही छातीचा कोट करून उभा नव्हता. भरावाचा डंपर रात्री कुठे रिकामा करायचा हे दाखवणारं पोर बऱ्याचदा गावातलंच असतं. कोळीवाड्याचा कचरा खाडीत जातो, मिठागराच्या कडेला झोपड्या बांधून विकणाऱ्यांत स्थानिक नावं असतात, आणि बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लं उपसणारेही मच्छीमारच असतात. काठावर राहतो म्हणून माणूस साधू होत नाही.

पण मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. खाडीवर पोट असलेला माणूस खाडी भरायला का लागतो? कारण खाडीतून चार पैसे येईनासे झाले आणि खाडीवरचा त्याचा हक्क कोणत्याच कागदावर नाही. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. कोळ्याने आज्या-पणज्यापासून ज्या वळणावर खुंट रोवून जाळं लावलं, त्या पाण्याचा उतारा कोणत्या तलाठ्याकडे मिळतो? नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी गोळ्या झेलल्या आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका भूखंड मिळाला, तोही जमीनवाल्याला. ज्याची खाडी गेली त्याच्या वाट्याला त्या हिशेबात काही नव्हतं. हक्क नसलेल्या वस्तूची राखण कोण करतं? डेब्रिजचा ठेका हा त्या रिकाम्या हातात पडलेला पहिला पैसा आहे.

रायगडच्या खारपाटीने, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्याने, हा धडा एकदा दिलेला आहे. खाजणात बांध घालून, भरतीचं पाणी थोपवून, कुळांनी अंगमेहनतीने भाताची जमीन उभी केली. कागदावर मालक मात्र खोत आणि सावकार. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत, म्हणजे तब्बल सहा वर्षं चालवला. बाबासाहेब आंबेडकर तिथे जाऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच १९३९ सालच्या कुळकायद्यामागे या संपाची मोठी ताकद होती. बांधाला रात्री भगदाड पडलं तर धावत जाणाऱ्याचंच नाव जमिनीवर असलं पाहिजे, हा तो साधा आग्रह. पुढे खारबंदिस्तीची देखभाल गावाच्या हातातून खात्याकडे सरकली, तेव्हा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरल्याच्या तक्रारी अलिबाग-पेणकडे वर्षानुवर्षं चालू राहिल्या. आता त्या फुटलेल्या शेतांत तिवर माजली आहे, आणि बांध दुरुस्त करायला जाणारा शेतकरी कायद्याच्या लेखी वनाचा गुन्हेगार ठरण्याच्या भीतीत आहे. संवर्धनाला शत्रू असेच तयार होतात.

लोकांना बाहेर काढून निसर्ग वाचतो, या कल्पनेची परीक्षा राजस्थानात भरतपूरला झालेली आहे. १९८२ मध्ये केवलादेवच्या राष्ट्रीय उद्यानात म्हशींची चराई बंद केली, गोळीबार झाला, गावकरी मेले. त्यानंतर बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या आपल्या मुंबईच्याच संस्थेने, अनेक वर्षं अभ्यास केला तेव्हा निघालं काय? म्हशी खात होत्या ते गवत बेसुमार वाढलं, पाण्याचा उघडा पृष्ठभाग झाकला आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच अडचण झाली. उलट बाजूचा दाखला कोलकात्याचा. शहराच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांच्या दलदलीत सांडपाणी सोडून त्यावर मासे आणि भाजी पिकवणारे लोक आहेत. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी इंजिनिअरने त्यांचं काम नीट समजून घेतलं, जगापुढे मांडलं, आणि १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिथल्या भरावाला लगाम घातला. ती दलदल आजही आक्रमणाखाली आहे, स्वर्ग नाही. पण ती जी काही उरली, ती शहराला मासे आणि भाजी पुरवते म्हणून उरली. आपल्याकडे उलटं: सांडपाणी खाडीत, मासे बाहेर, आणि मच्छीमारासाठी ‘जनजागृती शिबिर’.

दुसरा आक्षेप घरांचा. पूर्व उपनगरांतली मिठागरं काही निसर्गाने दिलेली नाहीत, माणसाने बांध घालून केलेली आहेत. भाडेपट्टे संपलेत, मीठ पिकवणं परवडत नाही. आणि ज्या शहरात चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं झोपडपट्टीत राहतात तिथे मोकळी जमीन राखून ठेवणं ही खातेपित्यांची चैन आहे. शिवाय मुंबई भरावावरच तर उभी आहे! अठराव्या शतकात हॉर्नबी व्हेलार्ड या बांधाने वरळीची खाच बुजवली नसती तर सात बेटांचं शहर झालंच नसतं. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही, आणि पर्यावरणवाले तो ‘बिल्डरधार्जिणा’ म्हणून झटकतात तेव्हा ते हरतात. माणसाला घर हवं. पण भरावाचा पूर्ण ताळेबंद मांडायचा की फक्त जमेची बाजू? वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, भरती होती, आणि मिठीचं पाणी जायला जागा नव्हती. कोण बुडालं? कुर्ला, कलिना, मिठीकाठच्या वस्त्या. काचेच्या इमारती नव्हे. भरावाचा नफा एकीकडे आणि पूर दुसरीकडे, ही वाटणी मुंबईत फार जुनी आहे. मिठागराच्या उथळ वाफ्यांत पावसाचं आणि उधाणाचं पाणी पसरून थांबतं. तिथे आता गरिबांना नेऊन ठेवायचं म्हणजे त्यांना आधी घर आणि मग त्या घरात पाणी द्यायचं. प्रकल्पग्रस्तांना रिफायनरीच्या शेजारी माहुलला नेऊन कोंबलं, त्याचं काय झालं हे विसरायला अजून वेळ आहे. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यांना तिथे राहायची सक्ती करू नका, दुसरं घर नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. मिठागर माणसाने केलेलं आहे म्हणून ते पाणथळ नाही, हा तर्क मात्र केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतच बसवलेला आहे: मीठ पिकवण्यासाठी केलेली जागा व्याख्येतून वगळलेली. भरतीला ही व्याख्या वाचता येत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा, आणि तो सभ्य भाषेत येतो. मच्छीमाराची समज ही समज आहे, विज्ञान नाही. तो त्याच्या माशापुरतं बघतो. कार्बन, लाटांचा मारा अडवणं, खोल समुद्रातल्या माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढणं, हे त्याच्या पाटीत दिसत नाही. बरोबर आहे. मासळी घटली की तो कधी पर्ससीनच्या मोठ्या वेढाजाळ्यावाल्याला, कधी कंपनीला, कधी शेजारच्या गावाला दोष देतो. स्वतःच्या जाळ्याकडे शेवटी बघतो. पण अर्धवट दृष्टी एकट्या त्याचीच आहे का? वरळीचं उदाहरण घ्या. सागरी किनारा रस्त्याचा पूल वरळी कोळीवाड्याच्या बंदराच्या तोंडावरून जाणार होता, दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर. कोळी म्हणाले, वारा सुटला आणि लाट आडवी आली की होडी खांबावर आपटेल, २०० मीटर ठेवा. सल्लागार म्हणाले, ६० पुरे. कोळ्यांनी भर पाण्यात काम अडवलं, वर्षं गेली, आणि शेवटी शासनाने मधला एक खांब काढून अंतर १२० मीटर केलं. म्हणजे एकतर ६० पुरेसं नव्हतं, नाहीतर सरकारने कोट्यवधी रुपये उगाच घालवले. यातलं कोणतं मान्य करायचं ते अभ्यासकांनी ठरवावं. हे ज्ञान आराखड्याच्या पहिल्या बैठकीत एका चहाच्या कपावर मिळालं असतं.

विज्ञानाचा वापर उलट दिशेने कसा होतो, तेही बघण्यासारखं आहे. वर्सोवा-भाईंदर रस्त्याने सुमारे ४५ हजार तिवरं बाधित होणार, आणि त्यापोटी जे वनीकरण करायचं त्यातला एक तुकडा चंद्रपूर जिल्ह्यात. चारकोपच्या खाडीत कोळंबीचं पिल्लू मेलं, त्याची भरपाई वाघाच्या मुलखात सागवान लावून! कागदावर हेक्टरला हेक्टर जुळतं, तेव्हा हिशेब चोख. हे तर्कट कोणत्याही कोळणीला पाच मिनिटांत हास्यास्पद वाटेल. ते मंजुरीच्या कागदांत बसतं, कारण त्या टेबलाभोवती कोळीण नाही.

पैसे देऊन मोकळं व्हायचा मार्ग मात्र आता कायद्याला सापडला आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना बंदराच्या आणि भरावाच्या कामांमुळे झालेल्या नुकसानीपोटी सुमारे ९५ कोटी रुपये द्यायला सांगितले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात म्हटलं की पारंपरिक मच्छीमाराचं उपजीविकेचं साधन गेलं तर भरपाई हा त्याचा हक्क आहे. दोन्ही निकाल मोठे आहेत, त्यांच्यामागे लढणाऱ्यांना सलाम. तरीही भरपाई हा घाव घातल्यानंतरचा मलम. तिची एक खोड अशी की ती कुटुंबाला एकदाच मिळते आणि खाडी कायमची जाते. धनादेश वटला की त्या घराचा खाडीशी संबंधही संपतो, आणि राखणदार आणखी एकाने कमी होतो.

मला हवं आहे ते फार क्रांतिकारी नाही, बरंचसं लिहिलेलंच आहे. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत स्पष्ट होतं की किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर मासेमारीची क्षेत्रं, माशांच्या प्रजननाच्या जागा, कोळीवाडे, मासळी सुकवायच्या जागा, जेट्ट्या, मच्छीमारांची सामायिक मालमत्ता दाखवायची. मुंबईच्या नकाशांवर मच्छीमार संघटनांचा आक्षेप पुन्हा पुन्हा नेमका हाच राहिला आहे की यातलं बरंच काही त्यांत नाही. ते भरायला उपग्रह पुरत नाही. माहुलचा, गोराईचा, माहीमचा जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होडीत सोबत घ्यावा लागतो आणि तो सांगेल ती नावं, ती वळणं, ती बुजलेली तोंडं कागदावर उतरवावी लागतात, त्या कागदाला सरकारी शिक्का मारावा लागतो. मग भरतीचं पाणी आत कुठवर यायचं आणि आता कुठवर येतं, हे दरवर्षी मोजून झाडांच्या आकड्याशेजारी छापावं लागतं. आणि अभयारण्यात किंवा राखीव कांदळवनात पाग (फेकजाळं) टाकणाऱ्याचा, खुबे काढणारीचा हक्क नावानिशी नोंदवावा लागतो, म्हणजे उद्या रात्री डंपर आला तर तिला पोलिसात जाऊन ‘माझी जागा भरतायत’ असं म्हणता येईल. आज ती गेली तर तिला पहिला प्रश्न विचारला जातो, बाई, तुमचा काय संबंध?